भाकरीवरचा आळ

वजन उतरवायचं ठरलं की सोलापुरात पहिली गदा येते ती भाकरीवर. दुसऱ्याच दिवशी ताटात काकडी, भरलं वांगं आणि ‘ही चालते की’ म्हणत शेंगा चटणी, तीही वर कच्चं तेल ओतून. चोर सोडून संन्याशाला फाशी!

साठ ग्रॅम ज्वारीच्या पिठाची भाकरी साधारण 200 कॅलरींची. आता चटणी बघा. उखळात तेल सुटेपर्यंत कुटलेली, आणि दाण्यात जवळजवळ निम्मं तेलच असतं. अशी 30 ग्रॅम चटणी 160 ची, वर पोह्याचा चमचाभर तेल 115 चं. भाकरी मागे पडली.

तरीही भाकरी सोडणाऱ्याचं वजन पहिल्याच आठवड्यात दीड-दोन किलो उतरतं, आणि आळ पक्का होतो. खरं तर कर्बोदकं कमी झाली की स्नायूंतला आणि यकृतातला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा रिकामा होतो. त्याच्या प्रत्येक ग्रॅममागे तीनेक ग्रॅम पाणी असतं, तेही जातं. मग जानेवारीत कुणाच्या तरी शेतात आगटी पेटते, गरम हुरडा हातावर चोळून खाल्ला जातो आणि सकाळी काटा किलोभर वर. ती चरबी नव्हे, साठ्याबरोबर परतलेलं पाणी. किलोभर चरबीला सुमारे 7700 कॅलरी जास्तीच्या लागतात. एका दुपारच्या हुरड्याची ती ताकद नाही. चार दिवस काट्याकडे बघू नये, एवढंच.

मोजायचंच तर पीठ मोजावं. कडक भाकरी इथेच फसवते. पातळ थापलेली, मंद आचेवर वाळवून पापडासारखी केलेली ही भाकरी हाताला हलकी लागते, कारण पाणी उडालेलं असतं. मऊ भाकरी 100 ग्रॅम भरली तर त्यात पीठ साठेक ग्रॅम; कडक 100 ग्रॅम म्हणजे जवळपास सगळं पीठच. चहाबरोबर मोडत बसलं तर तीन कधी संपल्या कळत नाही. आमटीत कुस्करली की मात्र फुगते, आणि एकीत भागतं. आपल्या वाटीत सपाट पीठ किती ग्रॅम मावतं ते एकदा काट्यावर पाहून ठेवलं की रोजची कटकट मिटते.

दिवसाला 400-500 कॅलरींची तूट पुरते, आणि त्यात दोन्ही वेळची एकेक भाकरी बसते. व्यायाम असेल तर मोठा वाटा त्याच्या आगेमागे ठेवावा. भाकरी पूर्ण बंद केली की जोर-बैठकांत दम राहत नाही, पोट साफ होत नाही आणि संध्याकाळी पाचला हात फरसाणाच्या डब्यात जातो. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय भाकरी कमी करू नये, साखर एकदम खाली जाऊ शकते.

भाकरीत प्रथिनं सहाएक ग्रॅमच. म्हणून शेजारी मटकीची उसळ, अंडी, नाहीतर पिठलं हवं. झुणका नको, तो तेल पितो. आणि चटणी सोडा म्हणायची सोलापुरात कुणाची छाती नाही. चहाचा एक चमचा घ्यावी, घट्ट दह्यात कालवून. तेलाची बुधली तेवढी स्वयंपाकघरातच राहू द्यावी.