काचेच्या दुकानातून आर्केडपर्यंत : आमची वाटचाल

आमचं दुकान मुळात खिडक्यांच्या काचांचं. वडिलांनी ते पुण्यात, भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटजवळ सुरू केलं. प्लाय घ्यायला आलेलं गिऱ्हाईक जाताना शोकेसच्या काचा आमच्याकडून कापून नेई, शिवाय तसबिरी मढवण्याचं काम बारमाही असे. ग्लो-साइन बोर्डांचे दिवस आले तेव्हा अ‍ॅक्रिलिक, म्हणजे काचेसारखं पारदर्शक प्लास्टिक, दुकानात शिरलं आणि माझ्या हाती धंदा आल्यावर लेझर मशीन. आज मात्र लोक आम्हाला शोधत येतात ते वेगळ्याच कामासाठी: घरी बांधलेल्या आर्केड कॅबिनेटची, म्हणजे पार्लरमधल्यासारख्या व्हिडिओ गेमच्या पेट्यांची, पारदर्शक आवरणं.

२०१२ मध्ये रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक बाजारात आला आणि जुने व्हिडिओ गेम घरी चालवणं सोपं झालं. लहानपणी पार्लरमध्ये नाणी टाकून खेळलेली मुलं तोवर कमावती झाली होती. पेटी सुतार करून देतो, बटणं ऑनलाइन मिळतात. मग सगळे येऊन विचारतात, "काच टाकू की अ‍ॅक्रिलिक?" आम्ही आधी विचारतो, कुठे?

पडद्यासमोर माझं मत काचेच्याच बाजूचं आहे. तिथे रोज फडकं फिरतं, मुलांची बोटं लागतात, आणि अ‍ॅक्रिलिकवर बारीक ओरखडे उठायला वेळ लागत नाही. त्यातून ते घासलं की त्यावर स्थिर वीज साठते आणि धूळ ओढली जाते. अ‍ॅक्रिलिक कमी चमकतं, हा समज मी कित्येकांच्या तोंडून ऐकतो, तसं नाही. साध्या अ‍ॅक्रिलिकच्या आणि काचेच्याही प्रत्येक पृष्ठावरून साधारण ४ टक्के प्रकाश परततो. डोक्यावरच्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब टाळायचं तर आवरणाचा कल बदलावा लागतो.

काच मात्र टफन केलेलीच, म्हणजे भट्टीत तापवून मजबूत केलेलीच हवी. ती फुटली तर लांब धारदार तुकडे न होता बारीक दाणे होतात. अडचण एवढीच की भट्टीत जाऊन आल्यावर तिला कापता येत नाही, भोक पाडता येत नाही. म्हणून माप, कोपऱ्यांची गोलाई, कडांची घिसाई हे सगळं आधीच पक्कं करावं लागतं. भट्टी आमची नाही, टफनिंग बाहेरून करून घेतो. पण माप तपासल्याशिवाय आम्ही काच पुढे पाठवत नाही. २४ इंची मॉनिटरभोवती चौकटीसह साधारण ६० बाय ४५ सेंटिमीटरची काच लागते. ४ एमएम जाडीत तिचं वजन पावणेतीन किलोच्या आसपास भरतं, अ‍ॅक्रिलिकचं त्याच्या निम्म्याहून कमी. त्यामुळे टेबलावर ठेवायची हलकी पेटी असेल आणि ती सारखी उचलायची असेल, तर मी स्वतःच अ‍ॅक्रिलिक सुचवतो.

बटणांच्या पॅनेलचं गणित निराळं. तिथे हातांचे फटके बसतात, ३० एमएमची भोकं एकमेकांना खेटून असतात, शिवाय बटणाची चकती आवळली जाते. अशा ठिकाणी अ‍ॅक्रिलिकला भोकाच्या कडेपासून तडा जातो. आम्ही तिथे पॉलिकार्बोनेट हे जास्त चिवट प्लास्टिक देतो. ते वाकेल, पण सहसा तडकणार नाही. लेझरने त्याची कड तपकिरी होते, म्हणून ते राउटरवर, म्हणजे फिरत्या पात्याच्या यंत्रावर, कापतो आणि भोक बटणापेक्षा किंचित मोठं ठेवतो. १८ एमएम प्लायवर ३ एमएमचं आवरण चढलं की जॉयस्टिकची दांडी तेवढी आखूड पडते, हे सुताराला आधी सांगा. त्याने प्लाय खालून कोरून घेतला की प्रश्न सुटतो.

वरच्या नावाच्या पाटीला, मार्कीला, ३ एमएम अ‍ॅक्रिलिक पुरतं. फक्त ते खाचेत घट्ट ठोकू नका. पुण्यातली जानेवारीची पहाट आणि एप्रिलची दुपार यांच्यात ६० सेंटिमीटरची पट्टी एक एमएमहून जास्त वाढते.

माझं सगळ्यात आवडतं काम एका हौशी गिऱ्हाइकाचं. त्यांना १९७८ च्या 'स्पेस इन्व्हेडर्स'सारखी उभी पेटी हवी होती. तायटो कंपनीच्या त्या मूळ यंत्रात पडदा कृष्णधवल होता. रंग यायचा तो रंगीत पारदर्शक पट्ट्यांमुळे. मॉनिटर खाली असायचा आणि त्याचं चित्र तिरप्या अर्ध्या आरशातून, म्हणजे थोडा प्रकाश परतवणाऱ्या आणि थोडा आरपार सोडणाऱ्या आरशातून, खेळणाऱ्याला दिसायचं, मागच्या चंद्राच्या देखाव्यावर तरंगल्यासारखं. तो अर्धा आरसा आम्ही आरसा-फिल्म लावलेल्या अ‍ॅक्रिलिकमधून जमवला. दिवा लावल्यावर आमचे कारागीर कितीतरी वेळ त्याच्यासमोरून हलले नाहीत.

आता नाशिक, कोल्हापूर, पणजीपर्यंत माल जातो. प्रत्येक अ‍ॅक्रिलिकसोबत आम्ही एक चिठ्ठी घालतो: अमोनिया असलेलं काच पुसायचं द्रावण, थिनर, स्पिरिट यांपैकी काहीही लावू नका, आत बारीक भेगा पडतात. सौम्य साबणाचं पाणी आणि मऊ कापड वापरा. काच कुरिअरने पाठवत नाही. ती दुकानातून न्यावी लागते किंवा तुमच्या गावातल्या काचवाल्याला आम्ही फोनवर तपशील सांगतो. माप देताना टेपवरचे आकडे पाठवू नका. पेटीत बसेल असा पुठ्ठा कापा, चारही कोपरे गुण्याने तपासा, वरची बाजू कोणती ते लिहा आणि तो पुठ्ठाच पाठवा.