चालायला नको होती ती मोटर

डहाणू तालुक्यातली एक आश्रमशाळा, सातवी-आठवीच्या 40 मुली, ऑगस्टचा पाऊस आणि दिवसभरासाठी एकच काम: सेलवर फिरणारी साधी मोटर प्रत्येकीने स्वतः बनवायची. टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांतून विज्ञान शिकवणारे अरविंद गुप्ता यांच्यामुळे ही मोटर देशभरच्या शाळांत पोचली आहे. एक मोठा सेल, दोन सेफ्टी पिना, सायकलच्या ट्यूबचा कापलेला रबरी पट्टा, एक चुंबक आणि इनॅमल चढवलेली तांब्याची तार, एवढंच सामान. पिना पट्ट्याने सेलच्या दोन टोकांना बांधायच्या, सेलवर चुंबक ठेवायचं, की झाला स्टँड. तारेच्या वेढ्यांची कॉइल करायची आणि तिची दोन टोकं, म्हणजे आस, पिनांच्या कड्यांत टेकवायची. पण एकदम 40 जणींकडून ती करून घ्यायची तर तयारी सामानापासूनच करावी लागते.

तार मोटर वायंडिंगच्या दुकानातून घ्यावी, तिथे ती वजनावर मिळते. 24 गेजची तार मीटरला साधारण सव्वादोन ग्रॅम भरते. एका कॉइलला सव्वा मीटरच्या आत तार लागते, म्हणजे 40 जणींना सुमारे 50 मीटर. वाया जाणारी धरून 150 ग्रॅम पुरते. त्याहून बारीक 28 गेज घेतली तर आसाची टोकं कॉइलच्या वजनानेच वाकतात. जाड 20 गेज कोवळ्या बोटांना नीट गुंडाळता येत नाही. चुंबक साधं काळं फेराइटचं घ्यावं. ते चकचकीत निओडिमियमचे बटणाएवढे चुंबक मुलांच्या कार्यशाळेत आणूच नयेत. दोन गिळले गेले तर आतड्याला चिमटा घेऊन बसतात. सेफ्टी पिना मोठ्या आणि बिनरंगाच्या हव्यात, कारण रंगीत पिनेवरचा थर वीज जाऊ देत नाही. किनाऱ्याच्या पावसाळी हवेत पिना डबीतल्या डबीत गंजतात. त्या दिवशीही निम्म्या पिना आधी काचपेपरने घासून घ्याव्या लागल्या.

सकाळी शाळेतून एक सूचना आली, 'प्रत्येक गटात एखादा मुलगा मदतीला देऊ का?' नको म्हटलं. मिश्र गटात काय होतं ते ठरलेलं असतं: पक्कड मुलाच्या हातात जाते आणि वही मुलीच्या. निरीक्षणाचा तक्ता सुंदर अक्षरात भरला जातो, पण तो भरणारीने तार एकदाही सोललेली नसते. म्हणून स्टँड दोघींत एक, पण कॉइल प्रत्येकीची स्वतःची. मोठ्या माणसांना एकच नियम, हात मागे. मुलीची कॉइल उचलून 'आण, मी करून देते' म्हणायचं नाही. हा नियम शिक्षकांना मुलींपेक्षा जड जातो, आम्हालाही जातो.

तार कापण्याआधी अर्धा तास गणितात गेला, आणि तो वेळ वाचवू नये. सेलवर दहा वेढे घ्यायचे आहेत, तर तार किती कापायची? प्रत्येक जोडीला सेल, दोरा आणि पट्टी दिली. सेलचा व्यास दोन पुस्तकांच्या मध्ये धरून मोजला, सुमारे 3.3 सेंमी आला. एका जोडीने त्याला सरळ दहाने गुणलं आणि 33 सेंमी दोरा कापला. तो सेलवर गुंडाळला तर तीन वेढे होऊन जरासाच उरला. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग त्यांनीच दोऱ्याने एक वेढा मोजला, साडेदहा सेंमी. शेजारच्या बाकांवरही हेच चाललं होतं. थोड्या वेळाने फळ्यावर हिशेब आला: दहा वेढ्यांचे 105, दोन्ही टोकांचे सहा-सहा, एकूण 117, म्हणून 120 कापू. पायचं (π) सूत्र त्यांना पाठ होतंच, पण ते चुकल्यावर दोरा किती आखूड पडतो हे त्यांनी आधी पाहिलं नव्हतं.

वेढे घेऊन झाल्यावर टोकं दोन्ही बाजूंनी अगदी समोरासमोर, एका रेषेत यायला हवीत. टोकाने कॉइलला दोन पीळ देऊन वेढे बांधून टाकायचे. पुढचं काम सोलण्याचं, आणि मोटर अडते ती बहुतेक वेळा इथेच. ही तार दिसायला उघड्या तांब्यासारखी असते, त्यामुळे तिच्यावर थर आहे हेच मुलांना पटत नाही. सेल, टॉर्चचा बल्ब आणि न सोललेली तार जोडून दाखवली, बल्ब लागला नाही, तेव्हा पटलं. काडीने जाळून थर काढू नये, काजळी बसते आणि पुन्हा घासावंच लागतं. ब्लेड आम्ही देत नाही. काचपेपरचा तुकडा पुरतो.

एक टोक चारी बाजूंनी सोलायचं. दुसरं टोक मात्र अर्धंच. कॉइल टेबलावर कडेवर उभी धरायची आणि त्या टोकाची फक्त वरची बाजू घासायची. उभी का? चुंबक खाली आहे. कॉइल उभी असते तेव्हा तिला सगळ्यात जास्त पीळ, म्हणजे फिरवणारा जोर, मिळतो, आडवी असते तेव्हा काहीच नाही. अर्धी फेरी वीज वाहते आणि पीळ एकाच दिशेचा मिळतो, उरलेली अर्धी फेरी वीज बंद आणि कॉइल मिळालेल्या वेगावर पुढे जाते. झोका पुढे जातानाच धक्का द्यायचा, मागे येताना हात काढून घ्यायचा, तसंच हे. कॉइल आडवी ठेवून घासली तर निम्मा धक्का पुढचा आणि निम्मा मागचा मिळतो. मोटर नुसती थरथरते.

दुपारपर्यंत बऱ्याच मोटरी फिरू लागल्या. अडलेल्यांसाठी फळ्यावर प्रश्न लिहिले होते. सेल हाताला गरम लागतो का? लागत असेल तर वीज वाहते आहे, दोष सोलण्याच्या बाजूत किंवा तोलात. थंड असेल तर कुठेतरी थर नाहीतर गंज राहिला. चुंबक काढून कॉइल फिरवून सोडली तर दर वेळी त्याच जागी थांबते का? थांबत असेल तर एक बाजू जड आहे. या दोन प्रश्नांत बहुतेक दोष सापडतात. सेल साधे झिंक-कार्बनचेच वापरावेत. या कॉइलचा रोध एक दशांश ओहमपेक्षाही कमी असतो, सेलच्या दृष्टीने तो जवळजवळ शॉर्टच. अल्कलाइन सेल अशा वेळी कितीतरी जास्त प्रवाह सोडतो आणि चटका बसण्याइतका तापतो. काम नसेल तेव्हा कॉइल उचलून ठेवायची.

आणि मग खिडकीपाशी एक मोटर फिरायला लागली, जी फिरायला नको होती. आठवीतल्या त्या मुलीने दोन्ही टोकं चारी बाजूंनी लख्ख घासली होती. 'दोन्ही टोकं पूर्ण सोलली तर फक्त हेलकावे' असं फळ्यावर लिहिलेलं होतं. तिची मोटर टकटक आवाज करत चांगली भिरभिरत होती. 'ताई, फळ्यावरचं चूक आहे,' ती म्हणाली. शेजारणी म्हणाल्या, हिने नक्की कुठेतरी थर ठेवलाय. तिने काचपेपर घेतला आणि सगळ्यांसमोर दोन्ही टोकं पुन्हा घासली. मोटर परत फिरली.

अशी मोटर अधूनमधून भेटते. कारण सांगून टाकायला अर्धं मिनिट लागलं असतं, आणि दिवसातली सगळ्यात चांगली संधी गेली असती. म्हणून उलट विचारलं, हिच्या मोटरीत दुसरींपेक्षा वेगळं काय दिसतं, काय ऐकू येतं?

आवाज, असं पहिलं उत्तर आलं. बाकीच्या मोटरी जवळजवळ मुक्या होत्या. दुसरीला पिनेपाशी बारीक ठिणग्या दिसल्या. शिक्षिकेच्या फोनवर सेकंदाला 120 फ्रेमचा स्लो मोशन होता, त्यावर चित्रण घेतलं. दर फेरीत एकदा आस पिनेच्या कड्यातून वर उडतो आणि परत बसतो, हे सगळ्यांना दिसलं. 'उडतो तेव्हा वीज तुटते,' मागून कोणीतरी बोललं. म्हणजे थराचं काम उडी करत होती.

हे खरं असेल तर ते मोडून दाखवता आलं पाहिजे. 'उडूच दिलं नाही तर बंद पडेल,' असं त्या मुलीनेच सांगितलं, आणि पक्कडीने पिनांची कडी दाबून अरुंद केली. आसाला वर जायला जागा उरली नाही. मोटर पुढे-मागे हेलकावे खाऊ लागली, फळ्यावर लिहिल्याप्रमाणे. पण प्रत्येक फेरीत नेमक्या त्याच जागी उडी का? चुंबक काढून कॉइल सोडली, ती दर वेळी एकाच बाजूने खाली येऊन थांबली. वेढे एका अंगाला सरकले होते. जड बाजूचा हिसका आसाला दर फेरीत तिथेच उडवत होता. मोटर चालत होती ती कॉइल वाकडी होती म्हणून! तिच्या जोडीदारणीने कडी पुन्हा सैल केली, वेढे सारखे करून कॉइल तोलात आणली, आणि उड्या थांबल्या. नीट केलेली मोटर बंद पडली, यावर वर्गात बराच गोंधळ झाला.

दुरुस्ती सोपी होती. कॉइल उभी धरून एका टोकाच्या अर्ध्या बाजूला नेलपॉलिश लावायचं. नेलपॉलिश चांगला रोधक आहे, आणि वसतिगृहात एक बाटली निघालीच. थर पातळ लावावा आणि दहा मिनिटं तरी सुकू द्यावा. ओला असताना बसवला तर पिनेला पुसून जातो.

त्या दहा मिनिटांत भिंतीवरच्या जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींच्या चित्राकडे विषय गेला. 1933 मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत केवळ बाई म्हणून त्यांना आधी प्रवेश नाकारला गेला आणि मग वर्षभराच्या परीक्षेवर दिला गेला, हे मुलींनी शांतपणे ऐकलं. अशी चित्रं शाळाशाळांत लागतात, मुली नमस्कार करून पुढे जातात. पण सोहोनींनी नीरेवरही काम केलं, तिच्यातली जीवनसत्त्वं शोधली, हे कळल्यावर चार हात वर झाले. या भागात ताड-शिंदीची झाडं घरामागेच असतात. एकीने विचारलं, 'नीरा उन्हं चढली की आंबते. तपासायला नेईपर्यंत त्यांची आंबली नाही का?' नमुना तपासणीपर्यंत ताजा कसा ठेवायचा, हा प्रश्न प्रयोगशाळेत काम करणारा कोणीही पहिला विचारेल.

नेलपॉलिश सुकलं, कॉइल बसवली, हलका धक्का दिला, आणि ती आवाज न करता फिरली. कॉइलवर कागदाचा बारीकसा झेंडा चिकटवून पुन्हा चित्रण घेतलं. झेंडा परत त्याच जागी यायला 8 फ्रेम लागल्या. 120 भागिले 8, सेकंदाला 15 फेऱ्या, मिनिटाला 900. हा भागाकार कुणाला करायला सांगावा लागला नाही.

मग दोन सेल जोडायची मागणी आली. दुप्पट होणार, यावर एकमत होतं. दोन सेल टोकाला टोक लावून ट्यूबच्या लांब पट्ट्याने बांधले. पहिल्या फटक्यातच कॉइल कड्यांतून उडून बाकाखाली गेली. कडी थोडी आवळल्यावर टिकली. या वेळी एका फेरीला 6 फ्रेम लागल्या, म्हणजे सेकंदाला 20. खिडकीपाशीच्या मुलीने वहीत लिहिलं, 'दुप्पट नाही. 20/15 = 4/3.' खाली कारणांची यादी सुरू केली: पिनेवर घासतं, हवा अडवते, तार तापते. तिसरं कारण बोट लावून तपासलं, बोट झटकलं आणि सेल काढून ठेवले.