न्चेऊच्या शाळेतला हापसा

मलावीची राजधानी लिलाँग्वेहून एम-वन महामार्गाने दक्षिणेला निघालं की डेड्झानंतर रस्ता मोझांबिकच्या सरहद्दीला खेटून धावतो. पुढे न्चेऊ जिल्हा. मलावीच्या पावसाळ्यात, नोव्हेंबर ते एप्रिल, आतल्या मातीच्या वाटांवर गाडी रुतते. आम्ही हापशांच्या दुरुस्तीला ऑक्टोबरमध्ये येतो. तेव्हा बोअरचं पाणी सर्वांत खोल गेलेलं असतं आणि हापशाचं दुखणं लपत नाही.

इथल्या अनेक शाळांत सकाळी मका-सोयाच्या पिठाची लापशी शिजते, लिकुनी फाला. हापसा बंद पडला की चूल बंद, आणि बादल्या घेऊन लांब जातात त्या मुलीच. गढूळ डबक्याचं पाणी घरात आलं की काय होतं, ते 2022-23 च्या कॉलऱ्यात देशाने पाहिलं: 1,700 हून अधिक माणसं गेली.

हापसा आफ्रिदेव जातीचा, 1980 च्या दशकात याच देशात आणि केनियात घडलेला. आपल्या जालना-सोलापूरच्या पंपांतून घडलेला इंडिया मार्क टू दणकट खरा, पण त्याचं वायसर बदलायला लोखंडी पाइपांची अख्खी माळ वर ओढावी लागते. आफ्रिदेवचा पीव्हीसी पाइप जागेवरच राहतो. सळ्या आणि दट्ट्या त्यातून हाताने वर येतात. एक पान्हा आणि तळाची झडप वर काढायचा आकडा, एवढ्यावर गावातल्या बायका काम उरकतात.

आधी तपासणी. पाणी येऊ द्या, अर्धा तास थांबा, मग पुन्हा पाणी येईपर्यंत दांडा किती वेळा हापसावा लागतो ते मोजा. पाचांहून जास्त लागले तर तळाच्या झडपेची ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी, गेली किंवा पाइपाचा सांधा गळतोय. मग 20 लिटरची बादली भरा. सिलिंडर 50 मिलिमीटरचा, दट्ट्याची चाल 225, म्हणजे पूर्ण हापशाला जेमतेम 440 मिलिलिटर; बादलीला पंचेचाळीसेक हापसे. सत्तर लागले तर यू-सील, म्हणजे दट्ट्यावरचं रबरी वायसर, झिजलं. दांडा एकदम हलका झाला तर सळी सुटली. दांडा डुगडुगला तर बुश, म्हणजे दांडा ज्यावर फिरतो ते बेअरिंग, बदला.

यू-सीलचं उघडं तोंड वरच हवं. वरच्या पाण्याच्या दाबाने त्याची कड सिलिंडरला चिकटते. उलटं बसवलं तर दिवसभर हापसून पाणी येत नाही. नवशिक्यांची हीच चूक आम्हाला वारंवार दिसते. सळ्या काढताना खालची सळी अडकवून धरा, नाहीतर ती थेट पाइपात खाली पडते. सील महिन्या-दोन महिन्यांत झिजत असेल तर वाळू येतेय. तिथे सुटे भाग ओतून उपयोग नाही, बोअरच तपासायला हवी.

देणगीदारांना नवी बोअर खोदायला आवडतं. आमचा आग्रह सुट्या भागांचा. सील दरवर्षी बदलावं, आणि त्याची वर्गणी मक्याची कापणी झाल्यावर, मे-जूनमध्येच गोळा करावी. जानेवारी-फेब्रुवारीत घरातला मका संपत आलेला असतो. तेव्हा कुणाकडे काय मागणार? दुकानात जाताना जुनं सील सोबत न्या. मापात जराही फरक असला तर नवं बसत नाही.