पाणी वाढलं म्हणजे दरवाजे उघडलेच का?

आज भाचीला अकरावीचं तर्कशास्त्र शिकवत होते. विधानांच्या जागी येणाऱ्या p, q अशा नुसत्या अक्षरांना ती कंटाळली होती, म्हणून पावसाळ्यात कोल्हापुरात घरोघरी ऐकू येणारा युक्तिवाद घेतला. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले तर पंचगंगेचं पाणी वाढतं. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी वाढलंय. म्हणजे दरवाजे उघडलेत.

विधानं दोन ('दरवाजे उघडले' आणि 'पाणी वाढलं'), म्हणून सत्यता कोष्टकाच्या, म्हणजे ती खरी-खोटी असण्याच्या सगळ्या शक्यतांच्या तक्त्याच्या, ओळी चार. (तीन असती तर आठ.) 'जर-तर' विधान एकाच ओळीत खोटं ठरतं, पहिला भाग खरा आणि दुसरा खोटा असतो तिथं. मग शोधायचं एवढंच, की आधारविधानं (ज्यांवरून निष्कर्ष काढला ती) सगळी खरी आणि निष्कर्ष मात्र खोटा, अशी ओळ आहे का?

आहे! दरवाजे बंद, तरी पाणी वाढलेलं. पंचगंगेला मिळणाऱ्या कुंभी, कासारी, तुळशीच्या खोऱ्यात धो-धो कोसळला तरी पाणी चढतंच की. एक ओळ सापडली, युक्तिवाद अवैध, म्हणजे आधारविधानांवरून निष्कर्ष निघतोच असं नाही. दरवाजे खरोखर उघडले असले तरीही अवैधच. हे तिला पटायला वेळ लागला, आणि तो द्यायलाच हवा.

मग तिनंच उलटं मांडलं: पाणी वाढलं नाही, म्हणून दरवाजे उघडले नाहीत. चारही ओळी तपासल्या. वैध!

१९२१ साली तत्त्वज्ञ विट्गेनस्टाइन आणि गणितज्ञ एमिल पोस्ट यांनी स्वतंत्रपणे अशी कोष्टकं छापली. मला ती फार प्रिय आहेत. कुणाचं वय जास्त, कुणाचा आवाज मोठा, याला त्यात रकानाच नाही. पाणी ४३ फुटांच्या धोका पातळीकडे सरकत असताना तर अशी तपासणी हवीच.

उद्या तिला तीन विधानांचं उदाहरण हवंय. सुचवा कुणीतरी.