खोटं कुणाशी?

वकिली करते म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, मग रोज खोटं बोलावं लागत असेल ना? आधी चिडायचे, आता नुसती हसते. कोर्टाशी खोटं बोलायचं नाही हे सगळ्यांना माहितीये, क्लायंटशी तर नाहीच नाही. पण समोरच्या पार्टीचं काय, विमा कंपनीच्या माणसाचं काय, ज्याने आपल्याला फीचा एक पैसा दिलेला नाही त्याचं काय?

अमेरिकन बार असोसिएशन ही तिथल्या वकिलांची संघटना, तिच्या १९८३ च्या मॉडेल रूल्समध्ये, म्हणजे वकिलांनी कसं वागावं याच्या नमुना नियमांमध्ये, यासाठी वेगळा नियमच आहे, ४.१. तिसऱ्या माणसाला महत्त्वाच्या वस्तुस्थितीबद्दल किंवा कायद्याबद्दल जाणूनबुजून खोटं सांगायचं नाही. सोप्पं वाटतं ना? पण खालची टीप वाचा, तिथे खरी गंमत आहे. वाटाघाटीत किंमतीचे अंदाज किंवा क्लायंट कितीवर मान्य होईल ही बोलणी साधारणपणे 'वस्तुस्थिती' धरत नाहीत. म्हणजे क्लायंटने कानात सांगितलंय दहापर्यंत जा, आणि मी फोनवर म्हणते "सातच्या वर ते तयारच होणार नाहीत हो", तर चालतं! पण "त्यांचा विमाच संपलाय, देणार कुठून" म्हटलं आणि विमा चालू निघाला तर प्रकरण सनदीवर, म्हणजे वकिलीच्या परवान्यावर, बेतू शकतं. मला स्वतःला ही सात-दहाची सूट कधीच पटली नाही, वापरते मात्र, सगळेच वापरतात.

आणि गप्प बसणं? १९८३ चाच मिशिगनमधला फेडरल कोर्टाचा एक निकाल आहे. वादी, म्हणजे दावा लावणारा, दाव्याशी संबंध नसलेल्या भलत्याच कारणाने वारला, त्याच्या वकिलाला ते कळलं, तरी त्याने काही न बोलता तडजोड करून टाकली, आणि मग दोघं वकील लिफ्टकडे चालत असताना सहज सांगावं तसं सांगितलं की अहो, माझा क्लायंट वारलाय. कुणी विचारलंच नव्हतं हा बचाव चालला नाही, तडजोड रद्द.

त्याआधीची १९६२ ची मिनेसोटाची केस मात्र जास्त टोचते. अपघातात जखमी झालेला पोरगा, कायद्याने अज्ञान, म्हणजे सज्ञान वयाच्या आतला. प्रतिवादीच्या डॉक्टरला पोराच्या महाधमनीला फुगवटा दिसला, कधीही फुटून जीव जाऊ शकेल असा, आणि प्रतिवादीच्या वकिलांनी ते दाबून ठेवून तडजोड केली. दोनेक वर्षांनी लष्कराच्या राखीव दलाच्या तपासणीत ते उघड झालं. तडजोड शेवटी रद्द झाली, पण का, तर तो अज्ञान असल्याने कोर्टाची मंजुरी लागत होती आणि कोर्टापासून ही गोष्ट लपवली म्हणून. समोरच्याला सांगणं वकिलांवर बंधनकारक होतं असं कोर्टाने म्हटलंच नाही. सज्ञान असता तर? मी तो निकाल दोनदा वाचला आणि लॅपटॉप बंद केला.

समोरच्याला वकील असेल तर त्याच्याशी परस्पर बोलायचं नाही, आपल्याकडे वकिलांचे नियम करणाऱ्या बार कौन्सिलचा ३४ वा नियमही हेच सांगतो. पण वकीलच नसेल तर? त्याच मॉडेल रूल्समधला ४.३ म्हणतो, हितसंबंध उलटे असतील तर सल्ला देऊ नका, फार तर सांगा की स्वतःचा वकील करा. मागे एका बाईंनी मी पाठवलेला तडजोडीचा कागद हातात घेऊन फोन केला, "मॅडम, सही करू का?" मी म्हटलं, मी समोरच्यांची वकील आहे, तुम्ही तुमचा वकील बघा आणि त्यांना दाखवूनच काय ते करा. थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाल्या, "अहो पण तुम्ही पण वकीलच ना, तुम्हीच सांगा की."