चादर खोचताना

सुरुवातीला ऑफिसात ‘बोटाला काय झालं’ विचारणाऱ्या प्रत्येकाला मी खरं कारण सांगत होतो. गादीखाली चादर खोचताना बोट गेलं म्हटलं की लोक आधी हसायचे, मग ‘वहिनींनी कामाला लावलंय वाटतं’ व्हायचं. शेवटी कंटाळून ‘क्रिकेट खेळताना लागलं’ म्हणायला लागलो. थाप तशी चपखल होती, कारण बॉल बोटाच्या टोकावर आदळला तरी नेमकं हेच होतं.

आमच्याकडे कापसाची जड गादी आहे. कोपरा उचलून बोटं आत सारली, उजव्या अनामिकेचं टोक कुठेतरी अडकून दुमडलं आणि बारीकसं ‘टक’ झालं. दुखलं म्हणावं तर फारसं नाही. हात बाहेर काढून बघतो तर बोटाचं शेवटचं पेर खाली लोंबतंय. डाव्या हाताने उचललं की सरळ, सोडलं की परत खाली. बाकी सगळं बोट हुकमात, टोक मात्र ऐकायला तयार नाही.

आईने आंबेहळद उगाळायला घेतली. शेजारचे काका एका झटक्यात बोट ओढून बसवणाऱ्या माणसाचा पत्ता द्यायला तयार होते. मी आधी बोटातली अंगठी काढली, ते बरं झालं. संध्याकाळपर्यंत सूज चढली. मग हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो.

एक्स-रेत हाड शाबूत निघालं. डॉक्टर म्हणाले, याला मॅलेट फिंगर म्हणतात. बोटाच्या पाठीवरून एक पातळ स्नायुबंध टोकाच्या हाडापर्यंत जातो, तोच टोक वर उचलतो. तो तुटला. कधी कधी तो हाडाचा तुकडाही उपटून नेतो. तुकडा मोठा असला किंवा सांधा सरकला, तर तार घालायची वेळ येऊ शकते. चादर खोचताना झालेले पेशंट त्यांनी बरेच बघितले होते, त्यामुळे निदान तिथे तरी कुणी हसलं नाही.

उपचार म्हणजे टोकाच्या सांध्याला प्लास्टिकचं टोपण, म्हणजे स्प्लिंट. ना गोळी, ना इंजेक्शन. “सहा ते आठ आठवडे, चोवीस तास. टोक एकदा जरी खाली पडलं, तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून.” तुटलेली टोकं एकमेकांना चिकटून राहिली तरच जुळतात, एवढं साधं गणित. मधला सांधा मात्र मोकळा ठेवून रोज हलवायचा, नाहीतर तोही आखडतो.

ऐकायला सोपं वाटलं. खरी परीक्षा स्प्लिंट धुवायच्या वेळी. आत घाम साठून कातडी पांढरी, भिजलेल्या कागदासारखी होते. ती कोरडी केली नाही तर चिघळते. म्हणून टेबलावर हात पालथा टेकवायचा, बोट लाकडाला सपाट चिकटवायचं आणि स्प्लिंट पुढच्या बाजूला हळूच सरकवून काढायचं. बायको ते धुऊन, पुसून आणेपर्यंत मी टेबलाला चिकटलेला. तेवढ्यात दाराची बेल वाजली तरी उठायचं नाही. पुन्हा चढवतानाही टोक खालून धरून ठेवायचं. अंघोळीला हातावर पिशवी आणि वर रबरबँड. वरण-भात चमच्याने. (आमटी-भात चमच्याने खाण्यात काही अर्थ नाही, हे माझं मत कायम आहे.)

ऑफिसात वेगळीच गंमत. मी इन्स्क्रिप्ट या कीबोर्डच्या मांडणीवर मराठी टाइप करतो. त्यात ‘त’ आणि ‘द’ उजव्या अनामिकेखाली येतात. सरकारी पत्रात ‘दिनांक’, ‘संदर्भ’, ‘तरी’, ‘विनंती’ यांच्याशिवाय पान हलत नाही! मधल्या बोटाने ती कळ दाबायची सवय लागेपर्यंत माझ्या पत्रांत ‘विनंकी’ असायची, कारण ‘क’ शेजारीच.

मुदत भरल्यावर डॉक्टरांनी बोट टेबलावरून उचलायला सांगितलं. टोक उचललं गेलं, किंचित थरथरत. मग आणखी काही आठवडे फक्त रात्री स्प्लिंट, कारण झोपेत आपण मुठी वळतो. दिवसा बोट वाकवायचा व्यायाम, पण हळूहळू. दुसऱ्या हाताने दाबून वाकवायची सक्त मनाई. मूठ पूर्ण मिटायला वेळ लागला. सांध्याच्या पाठीवर एक टणक उंचवटा राहिलाय आणि टोक जरासं झुकलेलं आहे, बारकाईने बघितलं तरच कळेल इतपत. डॉक्टर म्हणाले, एवढं बहुतेकांना राहतं, कामाला अडत नाही.

परवा ऑफिसातल्या एका मॅडमनी त्यांची करंगळी दाखवली. बनियन ओढून काढताना अडकली म्हणे, मुलाचं. तीन आठवडे झाले होते, ‘आता काय उपयोग’ म्हणून त्या गप्प होत्या. उशिरा लावलेल्या स्प्लिंटनेही बऱ्याचदा टोक उचलतं, हे मला डॉक्टरांनीच सांगितलं होतं. त्यांना त्याच संध्याकाळी पाठवलं. कारण मात्र खरं सांगा म्हटलं, डॉक्टर हसत नाहीत.