व्होकलच्या आधी

परवा प्लंबर आला, गळती शोधायला म्हणून त्याने अख्खा माळा रिकामा करायला लावला आणि एका बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यातून माझ्या कॅसेटी निघाल्या. वर लाल बॉलपेनने लिहिलेलं, 'हात लावू नये'. प्लंबर राहिला वर, मी खाली टेपरेकॉर्डर शोधत बसलो.

चालली की! जरा रडत रडत, पण चालली. १९८६-८७ च्या सुमाराचं रेकॉर्डिंग, इंदूरच्या रामबागेतल्या घरातलं. आमच्याकडे वायर-बियर काही नव्हती, रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवायचा आणि सगळ्यांनी तोंडं मिटायची. मी दोन बटणं एकदम दाबायला टपलेला आणि विविध भारतीवरचा निवेदक आपला फर्माईशवाल्यांची नावं वाचतोय, झुमरीतलैया हे गाव तर ठरलेलंच, आणि त्याचं शेवटचं वाक्य हमखास सतारीच्या सुरुवातीवर सांडायचं. इतका राग यायचा ना, वाटायचं आत शिरून त्याचं तोंड धरावं. या कॅसेटवर तसंच आहे. सतारीवर त्याचं शेपूट, आणि त्यावर आमची आजी, "तो मेला बोलतोय तोवर जा ना, दळण घेऊन ये!"

आजीचा हिशोब सरळ होता. माणूस बोलतो ती कामाची वेळ, गाणं लागलं की हात थांबवायचा.

घरात घड्याळापेक्षा रेडिओवर जास्त भरवसा. सकाळी रेडिओ सिलोनवर जुन्या गाण्यांत शेवटी सैगल लागला म्हणजे आठ वाजत आले, बाबांची दाढी तेवढ्यात उरकायला हवी. संध्याकाळी आकाशवाणीवर नंदाजी-भेराजी मालवी बोलीत शेतीच्या गप्पा मारायचे, आमच्याकडे शेत सोडा, तुळशीशिवाय कुंडी नव्हती, तरी आजी मन लावून ऐकायची, खतं वगैरे सगळं. ते केंद्र १९५५ पासून मालवा हाऊसमध्ये, तिथून जाताना माझी सायकल आपोआप हळू व्हायची. आत बसलेल्या माणसाला हवं ते गाणं लावता येतं, अशी माझी पक्की समजूत.

मग २००१ मध्ये रेडिओ मिर्ची हे खासगी एफएम आलं, त्यांचं देशातलं पहिलं स्टेशन आपल्या इंदुरात, आणि अचानक पोरं आरजे, म्हणजे रेडिओवरचे निवेदक, व्हायचं म्हणायला लागली. मीही. पहिल्या ऑडिशनला (कुठे ते राहू द्या) नापास. म्हणे हिंदी छान आहे पण 'राज़' म्हणताना ज खालचा नुक्ता घसरतो, मराठी वास येतो. सहा महिने आरशासमोर ज़रा, नज़र, ज़िंदगी करत होतो, आई म्हणायची याला कोणी मुलगी देणार नाही.

लागलो एकदाचा, दुसरीकडे. आणि काय कळलं, तर गाणी आधीच कॉम्प्युटरमध्ये लावलेली असतात. मी निवडायची नाहीत, मी फक्त लिंक, म्हणजे दोन गाण्यांमधली बडबड, बोलायची. ती कुठे बोलायची? तर गाण्याच्या सुरुवातीच्या वाजंत्रीवर. पंधरा-वीस सेकंद मिळतात, व्होकल, म्हणजे गाणाऱ्याचा आवाज, पडायच्या आत माणसाने गप्प व्हायचं, काठावर संपवलं की सीनियर लोक पाठ थोपटतात. म्हणजे सतारीवर सांडायचा पगार! इतकी वर्षं तेच करतोय आणि खरं सांगू, बरोब्बर काठावर संपलं की अजूनही मजा येते, लाज वाटते ती नंतर घरी.

आजीचा तो तुकडा मी चार वेळा ऐकला. गाणं पुढे ऐकलंच नाही.

काल पलासियाच्या सिग्नलला शेजारच्या रिक्षात माझाच शो लागलेला, सकाळी रेकॉर्ड करून ठेवलेला. सतार नाही, गिटार होती. मी बोलायला लागलो आणि रिक्षावाल्याने हात लांब करून स्टेशन बदललं. बदल भिया, मीही बदललं असतं.